मॅस्टोडॉनवर स्वतःची वाचनयादी: युजरस्क्रिप्ट लिहिताना

प्रश्न थोडक्यात असा. कोथरूडमधला एक वाचनगट दिवाळी अंकांतल्या कथा-लेखांविषयी मॅस्टोडॉन या सोशल नेटवर्कवर लिहितो. हे नेटवर्क अनेक स्वतंत्र सर्व्हर मिळून बनतं आणि गटातली मंडळी वेगवेगळ्या सर्व्हरवर आहेत. साइटवर बुकमार्कची सोय आहे, पण सगळे बुकमार्क एकाच ढिगात पडतात. 'वाचायचं', 'वाचतेय', 'झालं' असे कप्पे नाहीत आणि टिपणाला जागा नाही. विचारणाऱ्या ताईंनी टॅम्परमंकी या ब्राउझर-एक्स्टेंशनमध्ये युजरस्क्रिप्ट, म्हणजे साइटवर आपल्यापुरता बदल करणारा छोटा कोड, लिहून प्रत्येक पोस्टखाली बटण लावलं, पण वर-खाली स्क्रोल केलं की ते कधी गायब होतं, कधी दोनदा उमटतं. शिवाय हिंजवडीला जाता-येता त्या फोनवर वाचतात, तेव्हाही यादी हाताशी हवी आहे.

ताई, बटणाचं दुखणं लवकर बरं होईल, ते आधी सांगतो. पण माझं मुख्य म्हणणं यादीबद्दल आहे. बटण उद्या साइटचं रूप बदललं की मोडेल आणि पुन्हा लावता येईल. यादीत काय साठवलंत आणि कुठे साठवलंत हे मात्र चुकलं, तर गटाने वर्षभर जमवलेलं वाचन परत उभं करता येत नाही. 'रीड इट लेटर' या नावाने २००७ साली सुरू झालेली, लेख नंतर वाचायला साठवण्याची सेवा पॉकेट ८ जुलै २०२५ला बंद झाली. लाखो लोकांच्या वाचनयाद्या तिथे होत्या आणि ज्यांनी वेळेत फाइल उतरवून घेतली त्यांच्याच शाबूत राहिल्या. आपली यादी आपल्या हातात हवी म्हणून युजरस्क्रिप्ट लिहायची, ही तुमची इच्छा मला म्हणूनच फार योग्य वाटते.

आता बटण. मॅस्टोडॉनचं वेबरूप रिॲक्ट या जावास्क्रिप्ट लायब्ररीवर चालतं आणि लांबलचक टाइमलाइन हलकी ठेवायला ते एक युक्ती करतं. पोस्ट पडद्याबाहेर गेली की तिचा बाहेरचा 'आर्टिकल' घटक जागेवर राहतो, त्याची उंचीही धरून ठेवली जाते, पण आतला मजकूर बिनबटणांच्या साध्या रूपात बदलला जातो. पोस्ट परत दिसू लागली की आतलं सगळं नव्याने रेखाटलं जातं. तुम्ही 'इथे बटण लावून झालं' अशी खूण बाहेरच्या आर्टिकलवर केली असणार. आतलं बटण गेलं, खूण मात्र राहिली, म्हणून स्क्रिप्टला वाटतं काम झालेलं आहे. गायब होण्याचं कारण हे. दोनदा उमटण्याचं कारण याच्या उलट: बदलांवर नजर ठेवणारा म्यूटेशनऑब्झर्व्हर एका स्क्रोलमध्ये अनेकदा हाक मारतो, आणि कुठे कुठे तुम्ही खूण न तपासता बटण घालता.

उपाय एकच आहे. खूण ठेवायचीच नाही. प्रत्येक वेळी पोस्टखालच्या कृतिपट्टीलाच विचारायचं, 'तुझ्या पोटात माझं बटण आहे का?' नसेल तर घालायचं, असेल तर पुढे जायचं. हे काम कितीही वेळा केलं तरी निकाल तोच येतो, त्यामुळे ऑब्झर्व्हरने शंभरदा हाक मारली तरी बिघडत नाही. तुमचं स्वतःचं बटण घालणं हाही पानातला बदलच आहे, त्यामुळे ऑब्झर्व्हर पुन्हा जागा होतो. ही तपासणी असेल तर तो दुसऱ्या फेरीत गप्प बसतो, नसेल तर टॅब अडकतो. हाका साचवून पुढच्या फ्रेमला, म्हणजे पडदा पुन्हा रेखाटला जाताना, एकदाच काम करायचं, म्हणजे जुन्या फोनवरही स्क्रोल अडखळत नाही.

दोन पथ्यं पाळा. बटण पट्टीच्या अगदी शेवटी जोडा, रिॲक्टच्या बटणांच्या मधे घुसवू नका आणि त्याची बटणं इकडची तिकडे हलवू नका. रिॲक्ट आपल्या मनातल्या क्रमाने घटक काढायला जातं आणि तो जागेवर सापडला नाही की अख्खा भाग कोसळतो. दुसरं, क्लिक ऐकायला प्रत्येक बटणावर वेगळा श्रोता बांधू नका. अख्ख्या दस्तऐवजावर एकच श्रोता ठेवा, तोही 'कॅप्चर' टप्प्यात, आणि क्लिक आपल्या बटणावरचं असेल तर तिथेच अडवा. नाहीतर पोस्टवर क्लिक झालं असं समजून साइट ती पोस्ट उघडते. घटक खरा 'बटण' प्रकारचाच घ्या आणि त्याला मराठीत एरिया-लेबल द्या. गटात कुणी स्क्रीनरीडर वापरत असेल तर त्याला 'वाचनयादीत टाका' असं नीट ऐकू येईल.

जुन्या स्क्रिप्ट शोधून त्यातला तुकडा उचलणार असाल तर 'डॉमनोडइन्सर्टेड' हा शब्द दिसताच ती बाजूला ठेवा. त्या जातीचे इव्हेंट क्रोमने २०२४ साली आवृत्ती १२७पासून काढून टाकले आहेत. घटक शोधताना वर्गनावांवर फार विसंबू नये हे सर्वसाधारण खरं आहे, कारण अनेक साइटवर ती यंत्राने बनवलेली अक्षरांची भेळ असते आणि प्रत्येक नव्या आवृत्तीत बदलते. मॅस्टोडॉन त्या मानाने सभ्य आहे. नावं माणसाने दिलेली आहेत आणि सगळा कोड एजीपीएल परवान्याखाली उघडा आहे. अंदाज बांधण्यापेक्षा त्यांची फाइल उघडून वाचा, वेळ वाचतो.

आता खरा विषय: पोस्टची ओळख कशाने ठेवायची?

तुम्ही आर्टिकलवरचा डेटा-आयडी हा क्रमांक साठवता आहात असं तुमच्या वर्णनावरून दिसतं. त्यात तीन अडचणी आहेत, आणि तिन्ही सुरुवातीला दिसत नाहीत.

पहिली, तो क्रमांक फक्त तुमच्या सर्व्हरपुरता असतो. एकच पोस्ट दुसऱ्या सर्व्हरवर पोचली की तिथे तिला वेगळा क्रमांक मिळतो. तुमचा गट तीन-चार सर्व्हरवर पसरलेला आहे, म्हणजे तुम्ही यादी वाटलीत की बाकीच्यांकडे त्या क्रमांकाला काहीच उघडणार नाही, किंवा त्याहून वाईट म्हणजे भलतीच पोस्ट उघडेल. दुसरी अडचण बूस्टची. कुणी पोस्ट पुढे पाठवली असेल तर बाहेरच्या आर्टिकलवरचा क्रमांक बूस्टचा असतो, मूळ पोस्टचा नाही. त्या माणसाने उद्या बूस्ट मागे घेतला की तुमची नोंद निराधार. तिसरी अडचण निव्वळ जावास्क्रिप्टची: हे क्रमांक १८ आकडी असतात आणि जावास्क्रिप्टची साधी संख्या ९००७१९९२५४७४०९९१च्या पुढे अचूक राहत नाही. क्रमांकाची संख्या केलीत तर शेवटचे आकडे गुपचूप बदलतात. सर्व्हरचं एपीआय, म्हणजे स्क्रिप्टला माहिती देणारी त्याची खिडकी, तो मजकूर म्हणूनच देतं, तुम्हीही तो मजकूरच ठेवा.

म्हणून बटण दाबल्यावर त्या क्रमांकाने सर्व्हरच्या एपीआयला ती पोस्ट एकदा विचारा. उत्तरात 'रीब्लॉग' (म्हणजे बूस्ट) हा खण भरलेला असेल तर आतली पोस्ट घ्या, बाहेरची सोडा. मग दोन पत्ते मिळतात: 'यूआरआय' आणि 'यूआरएल'. दिसायला दोन्ही सारखे, पण मॅस्टोडॉनच्या पोस्टसाठी पहिल्यात 'यूजर्स' आणि 'स्टेटसेस' हे शब्द येतात, दुसऱ्यात ॲट-चिन्हासह सदस्याचं नाव येतं. ओळख म्हणून यूआरआय ठेवा, उघडायला यूआरएल. हा भेद मी आग्रहाने सांगतो, कारण मॅस्टोडॉनच्या आयात-निर्यात पानावरून बुकमार्कची जी फाइल उतरते तिच्यात यूआरआयच असतात. तुमचा आत्ताचा ढीग या यादीत ओतायचा असेल तर ओळख त्याच रूपात हवी, नाहीतर प्रत्येक पोस्ट दोनदा येईल.

एपीआयला विचारताना कुकी, म्हणजे तुमच्या लॉगिनची ओळख, पाठवू नका; विनंती पाठवणाऱ्या फेचला तसं सांगता येतं. यामागे तांत्रिकापेक्षा माणुसकीचं कारण आहे. सार्वजनिक पोस्ट बहुतेक सर्व्हर लॉगिनशिवाय देतात, पण फक्त अनुयायांसाठी लिहिलेली पोस्ट अशा विनंतीला ४०४, म्हणजे 'सापडली नाही', म्हणते. तिथे स्क्रिप्टने थांबावं आणि 'ही पोस्ट खाजगी आहे, यादीत घेतली नाही' असं सांगावं. गटाच्या यादीत एखाद्याचं खाजगी बोलणं चुकूनही जायला नको. त्याच कारणाने पोस्टचा पूर्ण मजकूर साठवू नका असंही मी म्हणेन. पत्ता, लेखकाचं नाव, ओळखीपुरती पहिली ओळ आणि तुमचं टिपण एवढं पुरे. लेखकाने पोस्ट पुसली तर ती पुसली गेली पाहिजे. तुमचं टिपण तुमचं आहे, ते राहील.

विनंती फक्त बटण दाबल्यावरच करा, पोस्ट दिसताक्षणी नको. सर्व्हरची नेहमीची मर्यादा ५ मिनिटांत ३०० विनंत्यांची असते आणि वेगाने स्क्रोल करणारा माणूस ती सहज ओलांडतो. अनेक सर्व्हर स्वयंसेवक स्वतःच्या पैशाने चालवतात, त्यांच्यावर विनाकारण भार टाकू नये.

आणखी एक गोष्ट वाचनयादीच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मॅस्टोडॉनची पोस्ट मुळात ५०० अक्षरांची. दीर्घ लेख बहुधा दुसरीकडे असतो आणि पोस्टमध्ये त्याचा दुवा असतो. तुम्हाला वाचायचा आहे तो लेख, पोस्ट ही त्याची शिफारस. म्हणून नोंदीत दुव्यासाठी वेगळा खण ठेवा. पोस्टच्या मजकुरातल्या दुव्यांपैकी 'मेन्शन' वर्गाचे सोडून द्या, कारण व्यक्तींचे उल्लेख आणि हॅशटॅग दोन्ही त्याच वर्गात येतात. उरलेल्यांतला पहिला बहुतेक वेळा हवा तो असतो. दिसणारा मजकूर उचलू नका. पत्त्याचा काही भाग साइट लपवते आणि शेपूट कापून दाखवते, तेव्हा दुव्याचा खरा पत्ता म्हणजे एचरेफच घ्या. यूटीएम आणि एफबीक्लिड असली, वाचक कुठून आला ते टिपणारी शेपटं कापून टाका, नाहीतर एकाच लेखाच्या तीन नोंदी होतात. दिवाळी अंक कागदाचा असेल तर दुवा नसेलच. मग तो खण रिकामा राहू द्या आणि टिपणात 'अंक अप्पा बळवंत चौकातून घ्यायचा' किंवा 'नगर वाचन मंदिरात पाहायचा' असं लिहा. मला तर अशाच नोंदी सगळ्यात उपयोगी वाटतात.

साठवण कुठे? ब्राउझर प्रत्येक साइटला देतो ती लोकलस्टोरेज वापरू नका. ती जागा साइटची असते, तुमची नसते. ब्राउझरमधून साइटचा डेटा साफ केला की यादी गेली. सफारीत तर ७ दिवस त्या साइटला तुमचा हात लागला नाही तर स्क्रिप्टने लिहिलेलं पुसलं जातं. शिवाय प्रत्येक सर्व्हरची लोकलस्टोरेज वेगळी, म्हणजे दोन सर्व्हरवर तुमची खाती असतील तर दोन याद्या. टॅम्परमंकी किंवा तसंच दुसरं एक्स्टेंशन व्हायोलेंटमंकी यांची स्वतःची साठवण, म्हणजे जीएम सेटव्हॅल्यू आणि जीएम गेटव्हॅल्यू, ही एक्स्टेंशनकडे राहते, साइटला दिसत नाही आणि सगळ्या सर्व्हरना सामाईक असते. त्यासाठी स्क्रिप्टच्या डोक्यावर 'ग्रँट' ओळीत ही नावं लिहावी लागतात.

इथे एक खाच आहे. सगळी यादी एकाच किल्लीखाली ठेवली आणि दोन टॅब उघडे असले, तर दुसरा टॅब आपल्याजवळची जुनी यादी परत लिहितो आणि पहिल्यातली नवी नोंद नाहीशी होते. चूक कुठेच दिसत नाही, फक्त नोंद सापडत नाही. म्हणून प्रत्येक नोंदीला स्वतःची किल्ली द्या, यूआरआयच्या आधी छोटा उपसर्ग लावून. यादी दाखवताना सगळ्या किल्ल्या मागवून उपसर्गावरून गाळा. दुसऱ्या टॅबमधलं बटण लगेच रंग बदलावं असं वाटत असेल तर साठवलेली नोंद बदलल्याची सूचना देणारा जीएमचा श्रोता दोन्ही एक्स्टेंशनमध्ये आहे.

आता मराठीची बाजू. यादी तीनशे नोंदींच्या पुढे गेली की शोधाची सोय लागते, आणि शोध लिहिताना मराठीचा विचार केला नाही तर तो निम्म्या वेळा रिकामा येतो. 'ॲ' हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधीची सवय असलेले आणि अनेक कीबोर्ड अजून 'अ'वर चंद्र देऊन ते लिहितात. डोळ्यांना दोन्ही सारखी, संगणकाला वेगळी, आणि एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं जुळवणारं युनिकोडचं एनएफसी सामान्यीकरणही ती एक करत नाही. 'वाऱ्यावर'मधला अर्धा आडवा र कुणी नुक्त्याच्या 'ऱ'ने लिहितं, कुणी 'र'ला हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह लावून. वर्ष कुणी देवनागरी आकड्यांत लिहितं, कुणी रोमन. म्हणून शोधासाठी मजकुराची वेगळी प्रत करा: आधी एनएफसी, मग अ-अधिक-चंद्र जोडीचा 'ॲ', सगळे झेडडब्ल्यूजे आणि अक्षरं सुटी ठेवणारे झेडडब्ल्यूएनजे काढून टाकायचे, 'ऱ'चा 'र' करायचा, आकडे एका लिपीत आणायचे. शोधशब्दावरही हेच संस्कार करा. पण ही प्रत दाखवायला कधीही वापरू नका. तिच्यात 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' एक होतात, आणि स्वयंपाकी व गुरुजी यांची गल्लत शोधात चालेल, यादीत चालणार नाही.

पहिली ओळ कापायची असेल तर साठवताना कापू नका, दाखवताना कापा, आणि तीही अक्षरसंख्येवर नाही. ठरावीक जागी कापल्यावर 'दिवाळी'चा 'द' उरतो आणि वेलांटी हरवते. ब्राउझरमधलाच इंटल सेगमेंटर जोडाक्षर-मात्रांसह अख्खं अक्षर मोजतो. फायरफॉक्समध्ये तो आवृत्ती १२५पासून आहे, म्हणजे आता सगळीकडे वापरता येतो. क्रम लावायला इंटल कोलेटरला मराठीची खूण द्या. तुमच्या यादीच्या चौकटीवर लँग 'एमआर' लिहा, म्हणजे ज्या फाँटमध्ये मराठी वळणाचे 'ल' आणि 'श' आहेत तिथे तेच दिसतील.

फोनचं उत्तर थोडं निराश करणारं वाटेल, पण वाट आहे. मॅस्टोडॉनच्या ॲपमध्ये युजरस्क्रिप्ट चालत नाही. अँड्रॉइडच्या क्रोमवरही एक्स्टेंशनची सोय नाही. अँड्रॉइडवरच्या फायरफॉक्समध्ये चालते आणि आयफोनवर सफारीसाठी युजरस्क्रिप्ट चालवणारी ॲप आहेत. पण स्क्रिप्ट फोनवर चालली तरी फोनची साठवण वेगळी आणि लॅपटॉपची वेगळी. ती जुळवत बसण्यासाठी स्वतःचा सर्व्हर उभा करण्याच्या फंदात आत्ताच पडू नका.

माझा सल्ला असा. साइटचा स्वतःचा बुकमार्क मोडीत काढू नका, त्याला आवक-नोंदवही करा. तो मॅस्टोडॉनमध्ये २०२० साली आवृत्ती ३.१पासून आहे आणि ॲप, फोन, लॅपटॉप सगळीकडे एकच असतो. बसमध्ये किंवा मेट्रोत पोस्ट दिसली की ॲपमध्येच बुकमार्क दाबा. घरी लॅपटॉपवर साइटचं बुकमार्क पान उघडलं की तुमची स्क्रिप्ट तिथल्या प्रत्येक पोस्टखाली कप्प्यांची बटणं दाखवेल, कारण त्या पानावरही पोस्टची मांडणी तीच असते. कप्पा निवडला, टिपण लिहिलं, की पोस्ट तुमच्या यादीत आली. साइटचा बुकमार्क मग तिथेच हाताने काढून टाका. हेही स्क्रिप्टने करावं असा मोह होईल, पण त्याला लेखनाचा अधिकार असलेलं टोकन लागतं. ते टोकन पानाच्या पोटात सापडतं आणि काही स्क्रिप्ट ते उचलतातही. तुम्ही उचलू नका. जी स्क्रिप्ट गटात वाटायची आहे तिने कुणाच्या खात्याच्या किल्लीला हात लावू नये.

प्रवासात वाचायला यादीचं निर्यात-बटण बनवा. जेसन फाइल जतनासाठी, आणि दुवे असलेलं साधं एचटीएमएल पान फोनवर पाठवायला. शिवाजीनगर ते स्वारगेट जमिनीखालून जाताना रेंज गेली तरी टिपणं वाचता येतील. कुणाला एक्सेलमध्ये हवी असेल तर सीएसव्हीच्या सुरुवातीला बीओएम ही मजकूर युनिकोड असल्याची खूण घाला, नाहीतर देवनागरीच्या जागी चौकोन आणि चिन्हं दिसतात. निर्यात-बटण कप्प्यांच्या बटणांच्या आधी लिहा. स्क्रिप्ट एक्स्टेंशनमधून काढून टाकली की तिच्या साठवणीचा भरवसा नसतो, आणि तुम्ही अजून ती बरीच जोडाल-मोडाल.

गटात वाटताना स्क्रिप्ट कुठल्या साइटवर चालावी ते सांगणाऱ्या 'मॅच' ओळीत गटाच्या सर्व्हरची नावं एकेक करून लिहा, सगळ्या साइटना चालेल असा तारा-चिन्हांचा नमुना नको. युजरस्क्रिप्टला पानावरचं सगळं दिसतं, तेव्हा तिचा वावर जितका छोटा तितकं बरं. बाहेरून ओढलेल्या लायब्ररीची इथे गरजच नाही. क्रोमवाल्यांना आधीच सांगून ठेवा की आवृत्ती १३८पासून एक्स्टेंशनच्या तपशील-पानावर 'युजर स्क्रिप्टना परवानगी' हा खटका स्वतः चालू करावा लागतो. तो बंद असेल तर स्क्रिप्ट बसलेली दिसते आणि पानावर काहीच होत नाही. पहिल्या दिवशी तुम्हाला येणारे बहुतेक फोन याचेच असतील. आणि सुधारणा केलीत की डोक्यावरचा 'व्हर्जन' आकडा वाढवा. एक्स्टेंशन तोच पाहून नवी प्रत आणतं, आकडा तोच राहिला तर गटाकडे जुनीच स्क्रिप्ट चालत राहते.